पाय ‘इतर’मध्ये

फुला,

माझी नात म्हणते, “आजी, तू झोपेत हात धुतेस.” दुपारी जेवण झाल्यावर आरामखुर्चीत डोळा लागला, की माझे तळवे म्हणे एकमेकांवर फिरायला लागतात. बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती, मनगटापर्यंत. तू शिकवलेस अगदी तसे. मी तिला सांगितलं, “फुलाआजीकडे जायचं तर हात धुऊनच जावं लागतं बाई, नाहीतर ती दारातूनच परत पाठवते.” नात हसली. म्हातारीचा चावटपणा चाललाय असं तिला वाटलं. चावट मी आहेच, पण हे खोटं नव्हतं.

तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तुझ्या घरी मी पंगतीला बसले, दोनदा बुंदी घेतली, आणि सून तिसऱ्यांदा वाढायला वाकली तेव्हा मान वळवून पाहिलं. मागून आवाज येणार होता ना, “मॅडमले नको वाढू वं, साखर वाढते त्याइची!” आवाज आला नाही. ताटात बुंदीचा ढीग झाला. तू गेलीस हे मला तेव्हा कळलं, त्या ढिगाकडे बघताना.

त्या दिवसापासून रोज दुपारी एकच स्वप्न पडतं. आयसीयूत पाणी भरलंय. मोर्णा नदीचं असावं, पण स्वच्छ आहे, म्हणजे स्वप्नच. हिरवे पडदे पाण्यात शेवाळासारखे हलतायत, खाटा होड्यांसारख्या जागच्या जागी डुलतायत. प्रत्येक चादरीतून दोन पाय बाहेर. आणि तू, पांढऱ्या साडीत, रबरी चपलांचा आवाज न करता, एकेका होडीपाशी थांबतेस, वाकतेस, पुढे जातेस. मी दारात उभी. हातात कागदांचा गठ्ठा. कागद भिजून त्यावरचे आकडे पाण्यात सुटे होतात, माशांच्या पिल्लांसारखे. मी ते पकडायला धावते आणि तू मागे न बघता म्हणतेस, “ते जाऊ द्या मॅडमबाई. आधी पाया पडा.”

जागेपणी तू हे पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते, आणि माझ्याइतकं शहाणं अमरावती जिल्ह्यात कोणी नाही अशी माझी खात्री होती. कडक स्टार्चची साडी, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. चष्म्याची मला तेव्हा गरज नव्हती, पण तो डोळ्यांवर चढवताना विद्वान दिसायला होतं. आमचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. फार्मसीच्या पोरांनी नुसत्या बाटल्या आणि गोळ्या ओळखायच्या नाहीत, गंभीर रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून त्याला चाललेली दहा-बारा औषधं त्याच्या शरीरात काय करतायत ते समजून घ्यायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. वा! मला वाटलं, आता आपल्या लोकांना दवाखान्यात मान मिळणार. आणि तो मान घ्यायला रांगेत सर्वांत पुढे मीच उभी.

त्यासाठी मी एक कागद तयार केला होता. बेचाळीस रकाने. रक्ताचे आकडे, मूत्रपिंडाचे, यकृताचे, वजन, औषधांच्या वेळा, कोणत्या औषधाचं कोणत्याशी पटत नाही. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर येईपर्यंत कॉलेजच्या बसमधली पोरं माना टाकून झोपायची, आणि मी त्या कागदाकडे बघत अकोल्याच्या तुझ्या दवाखान्यापर्यंत जागी. पहिल्या नातवाकडेही मी तितक्या कौतुकानं पाहिलं नसेल. सर्वांत खाली, जागा उरली म्हणून, अंगठ्याएवढा एक रकाना होता: ‘इतर’.

तू तो कागद उलटून दोन्ही बाजूंनी पाहिलास. पाठ कोरी होती. “कागद मस्त हाय,” म्हणालीस. “पन याच्यात मानूस कुठी हाय?”

मी चष्मा चढवला. तू माझ्याकडे लक्षच दिलं नाहीस, थेट पोरांना घेऊन खाटेपाशी गेलीस. “हात धुवा. आता पायाकून सुरू करा. पाया पडल्यासारखे दोन्ही हातानं पाय धरा. ऊन हायेत का थंडे? थंडे असतीन त कुठपर्यंत? दाबून पाहा, खड्डा पडते का? रंग पाहा. वाकलेच हाय त तिथंच लघवीची थैली लटकून राहिली, तिच्यात किती हाय ते पाहा. मंग हळूहळू वर या. टीव्ही सगळ्यात शेवटी.” मॉनिटरला तू टीव्ही म्हणायचीस. “डोक्याकून सुरू केलं ना पोट्टेहो, का मानूस टीव्हीतच अटकते.”

मी म्हटलं, “सिस्टर, हे शास्त्र नाही. हा नमस्कार झाला.”

“मंग नमस्कारात शास्त्र नसते असं कोनं सांगतलं तुमाले?”

पोरं फिसकन हसली. मी तुला त्या दिवसापुरतं माफ केलं. मोठ्या मनाची होते ना.

पण आठवडाभरात देवानं माझी बाजू घेतली. आठवतंय? दोन नंबरच्या खाटेवर एक आजोबा, छातीच्या विकारानं आलेले, औषधानं शांत झोपलेले. आपली चौदा पोरं रांगेत, एकेक जण वाकतोय, दोन्ही हातांनी पाय धरतोय, सरकतोय. काचेबाहेर आजोबांच्या घरच्या बायका. आपल्याकडे रांग लावून माणसाच्या पाया कधी पडतात ते तुला-मला सांगायला नको, पण त्या घटकेला ते ना तुझ्या लक्षात आलं ना माझ्या. “अवो माय वो! पाया पडून राहिले वो सारे!” एकीनं हंबरडा फोडला. दुसरी भिंतीला टेकून खाली बसली. मुलानं दर्यापूरला फोन लावून “बाबा गेले” सांगूनही टाकलं. त्या कल्लोळानं आजोबा जागे झाले, तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि विचारलं, “कोन मेलं?”

तू पदर तोंडात कोंबून औषधांच्या खोलीत पळालीस. मला हसू आलं नाही. आज येतं. इतकं येतं की नात पाणी घेऊन धावते. पण तेव्हा मी सगळीकडे माफी मागत फिरले आणि परत येऊन फतवा काढला: रुग्णाच्या पायांना कोणीही हात लावायचा नाही.

“नाई लावत,” तू म्हणालीस. “पन पाय लेहाचे कुठी?”

“‘इतर’मध्ये.”

“बरं. मानूस इतरमंदी.”

मग तो शब्द तू सोडलाच नाहीस. माझा चहा आला की “मॅडमचा चहा इतरमंदी ठेव.” माझी बस उशिरा आली की “मॅडम इतरमंदी बसल्या हायेत.” मी चिडायचे. चिडल्यावर चष्मा चढवायचे. तू म्हणायचीस, “आता पाह्यलं का चांगलं?”

पुढचं लिहायला बसले तर हात पुन्हा धुवावेसे वाटतायत.

तो रुग्ण अंजनगाव सुर्जीचा, पानमळेवाला. संसर्ग रक्तात पसरला होता. त्याला जे अँटिबायोटिक चालू होतं ते मूत्रपिंडावर भार टाकणारं. पहिला डोस आदल्या दिवशी झाला होता, दुसरा अकरा वाजता द्यायचा होता. मूत्रपिंडाचा आदल्या संध्याकाळचा रिपोर्ट चांगला होता. कागदावर हिशोब केला, डोस बरोबर येत होता. तो तुकडीच्या सरावाचा कागद होता, दवाखान्याच्या फाइलचा नव्हे, पण मी त्यावर ‘योग्य’ लिहून सही ठोकली. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

वैष्णवी मागून पुढे आली. शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत वाढलेली, जेमतेम आवाज फुटणारी पोरगी. म्हणाली, “मॅडम, यांचे पाय गुडघ्यापर्यंत थंडे हायेत. अन् थैलीत सकाऊनपासून काईच नाई आलं.”

“पायांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?”

“लावला मी. आमचे बाबा झाड नेहमी बुडापासून पाह्यतेत. शेंडा हिरवा असते अन् बुडाशी डिंक सुटला असते...”

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, “बाळ, आपण इथे औषधं वाचतो, झाडं नाही. पाय ‘इतर’मध्ये लिही आणि पुढच्या रकान्यावर ये.” पोरं हसली. तिनं मान खाली घातली आणि खरंच लिहिलं, इतक्या बारीक अक्षरात की त्या अंगठ्याएवढ्या जागेत सगळं मावलं.

तू ट्रे घेऊन उभी होतीस. सगळं ऐकलं होतंस. ट्रे ठेवलास आणि म्हणालीस, “हात धुवून येतो.” तू कधी ‘येते’ म्हणाली नाहीस, जन्मभर ‘येतो, जातो, सांगतो’. त्या दिवशी हात धुवायला तुला फार वेळ लागला. परत आलीस ती डॉक्टरांना घेऊन. त्यांनी चादर सारली, गुडघे पाहिले, थैली पाहिली, डोस थांबवला, रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट आला. संध्याकाळचा आकडा केव्हाच शिळा झाला होता. मूत्रपिंडांनी मान टाकली होती, आणि मी वळणदार सहीनं ‘योग्य’ ठरवलेला डोस त्यांच्यावर आणखी एक ओझं ठेवणार होता.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “हे लक्षात कोणाच्या आलं?”

माझी जीभ टाळूला चिकटली. तू म्हणालीस, “मॅडमच्या पोट्टीच्या. मॅडमनंच शिकोलं हाय त्याइले, पायापासून पाहाले.”

“वा, मॅडम!” डॉक्टर म्हणाले.

आणि मी, फुला, मी हसले. लाजल्यासारखी मान थोडी खाली घालून. शाळेत बक्षीस घेताना हसतात तशी. माझ्या आयुष्यातली बाकीची सगळी थेरं मी रंगवून सांगते, नातवंडं पोट धरून हसतात. हे हसू मी कालपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. वैष्णवी समोर उभी होती. तिनं ते पाहिलं. पोरं पांगल्यावर तू तो सरावाचा कागद चार घड्या करून माझ्या हातात ठेवलास. “असू द्या जवळ. इतरमंदी.”

तो माणूस वाचला. काही दिवस डायलिसिस लागलं, पण पायांनी चालत घरी गेला आणि तुला टोपलीभर पानं पाठवली. तू त्यातली निम्मी मला दिलीस. मी ती खाल्ली. किती निर्लज्ज असावं माणसानं!

पायांवरची बंदी मी गुपचूप उठवली. नातेवाइकांना आधी समजावून सांगायचं, मग एकेकानंच जायचं, असं ठरलं. पण कागद? कागद दरवर्षी नवा छापला आणि दरवर्षी पाय ‘इतर’मध्येच. तू दर जूनमध्ये पहिला कागद हातात घेऊन विचारायचीस, “मॅडमबाई, एक ओळ वर घ्याले काय लागते?”

“साचा बदलावा लागतो छपाईचा.”

“हो ना. साचा बदलनं कठीनच.”

कोणता साचा ते तुला ठाऊक होतं. ओळ वर घेतली असती तर कोणीतरी विचारलं असतं, का घेतली? आणि मग ते हसू सांगावं लागलं असतं. आपला हा वाद तू निवृत्त होईपर्यंत वॉर्डात चालला, मग तुझ्या ओसरीत चालला, फोनवर चालला. मी तुला ‘तू’ म्हणायला लागले, तू ‘तुमी’वर अडून राहिलीस. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि मला कधी पाया पडू दिलं नाहीस. “मले गुदगुल्या होतेत,” म्हणून पाय साडीत ओढून घ्यायचीस. खरं सांगू? मला बरंच वाटायचं. वाकायला तेव्हा माझा गुडघा नाही, दुसरंच काहीतरी दुखायचं.

मग तुझ्या मुलाचा फोन आला. ज्या वॉर्डात तू आयुष्य काढलंस तिथेच, खिडकीजवळच्या खाटेवर तू होतीस. मुलगा टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, आकडे त चांगले हायेत ना?”

मी आकड्यांकडे पाहिलं नाही. हात धुतले. पायाकून सुरू केलं. दोन्ही हातांनी तुझे पाय धरले, आयुष्यात पहिल्यांदा. थंड होते, फुला. पोटऱ्यांपर्यंत. मी तशीच वाकून राहिले. पाठ दुखायला लागली तरी उठवेना. तू डोळे मिटून होतीस, तोंडावर मास्क. एवढ्यात तुझा उजवा अंगठा हलला. ती गुदगुली होती, की आशीर्वाद, की “सोडा आता, मॅडमबाई”? तेवढं एक कळायला हवं होतं मला.

मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, “बहिणीला बोलाव. आत्ताच.” ती परतवाड्याहून आली, तुझ्या उशाशी बसली, तुझ्या केसांना तेल लावलं. संध्याकाळी आकडे उतरायला लागले. लेकीला जो अर्धा दिवस मिळाला तो तुझ्याच शिकवणीचा. आणि मला? मला तुझ्या कानाशी वाकून एक वाक्य बोलायचं होतं. पण भोवती माणसं होती. माणसं असली की माझी जीभ टाळूला चिकटते, तुला माहीतच आहे.

तेरवीला वैष्णवी भेटली. आता तीच त्या वॉर्डात फार्मसीच्या पोरांना शिकवते. आवाज चांगला खणखणीत झालाय. म्हणाली, “मॅडम, नवी तुकडी येऊन राहिली. सिस्टरबद्दल दोन शब्द बोलाल?”

काल गेले. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी झोपले, पोरं जागी होती. वॉर्डाबाहेरच्या खोलीत सोळा जण, हातात कागद. मी पर्समधून तो चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आलाय. चष्मा चढवला, आता मात्र गरजेपोटी, आणि वाचून दाखवलं: डोस योग्य. खाली सही. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, ‘पाय गुडघ्यापर्यंत थंड, लघवी नाही.’ सही माझी, खालची ओळ तुमच्या या मॅडमची, असं सांगितलं. तिला गप्प बसवलं ते सांगितलं. शेवटी ते हसूही सांगितलं. कसं हसले ते करूनसुद्धा दाखवलं. कोणी हसलं नाही.

मग वैष्णवीकडे वळून म्हटलं, “चुकले गं. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

तिनं त्या कागदाच्या घड्या पुन्हा नीट घातल्या. मग म्हणाली, “मॅडम, सिस्टर रिटायर झाल्या ना, त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, खरं कावून नाई सांगतलं तुमी डॉक्टरले? तर म्हनल्या, ‘तुह्या मॅडमचेच पाय थंडे पडले होते त्या दिवशी. थंड्या पायाच्या मानसाले धक्का देत नाईत पोरी. ऊन होऊ द्या लागते. सांगतीन त्या आपल्या तोंडानं. तू वाट पाह्य.’”

एवढी वर्षं, फुला! तुम्ही दोघी मिळून माझ्या पायाशी बसून होतात, आणि मला वाटत होतं माझं गुपित बेचाळीस रकान्यांच्या तळाशी सुरक्षित आहे.

पोरांच्या हातातले कागद पाहिले. माझेच. एक अक्षर बदललेलं नव्हतं. “काय गं हे? तू तरी बदलायचंस!” वैष्णवी म्हणाली, “ते तुमच्या हातानं व्हाचं होतं.” मी पेन मागितलं. सोळाच्या सोळा कागदांवर सर्वांत वर, शीर्षकाच्याही वर, हातानं लिहिलं: पाय. साचा वगैरे काही लागत नाही. तू म्हणालीस तसंच, एक ओळ.

मग आत गेलो. पहिल्या खाटेवर एक म्हातारी होती, माझ्याहूनही म्हातारी, नाकात नळी. मुलाला आधी समजावून सांगितलं. हात धुतले. वाकले. गुडघ्यांनी कटकट आवाज केला, या वेळी खरोखर गुडघ्यांनीच. दोन्ही हातांनी तिचे पाय धरले तशी तिनं डोळे उघडले, सलाइन लावलेला हात जरासा उचलला आणि पुटपुटली, “सुखी राय वं पोरी.”

पोरी!

पाय ऊन होते, फुला. दोन्ही.